प्रकाशाचे गणित आणि खेळाडूचा खिसा

डिसेंबर २०२४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मध्ये ‘डूम : द डार्क एजेस’ हे दोन मोठे व्हिडिओ गेम बाजारात आले. दोन्ही खेळांच्या किमान आवश्यकतांच्या यादीत एक अट समान होती. संगणकातील ग्राफिक्स कार्डात रे ट्रेसिंगची यंत्रणा असलीच पाहिजे. ती नसेल तर खेळ चालणार नाही. २०१८ मध्ये जे तंत्र मेनूतील एक ऐच्छिक पर्याय म्हणून अवतरले आणि ज्याला परवडेल त्याने ते चालू करावे असे ज्याचे स्वरूप होते, ते अवघ्या सहा वर्षांत काही खेळांपुरते का होईना, पण सक्तीचे झाले. त्यामुळे या तंत्राने चित्र किती सुंदर दिसते, या जुन्या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न आता पुढे आला आहे. या तंत्राचा खरा लाभ कोणाला होतो आणि त्याचे मोल कोण चुकते करतो?

या प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर संगणक चित्र कसे काढतो, हे आधी पाहावे लागेल. खेळातील प्रत्येक वस्तू हजारो लहान त्रिकोणांची बनलेली असते. रूढ पद्धतीत, जिला रास्टरायझेशन म्हणतात, संगणक एकेक त्रिकोण घेतो, तो पडद्यावर कोठे येईल हे काढतो आणि तेवढे बिंदू रंगवून पुढच्या त्रिकोणाकडे वळतो. ही पद्धत विलक्षण वेगवान आहे. पण तिच्यात एक जन्मजात उणीव आहे. एक त्रिकोण रंगवताना शेजारच्या त्रिकोणाची तिला खबर नसते, आणि प्रकाशाचा सारा व्यवहार तर शेजारधर्मावर चालतो. लाल भिंतीलगत पांढरी चादर वाळत घातली तर चादरीवर लालसर छटा उतरते. खिडकीतून आलेले ऊन फरशीवर पडते आणि तेथून उसळून छत उजळते. त्रिकोण रंगवून मोकळ्या होणाऱ्या पद्धतीला हे काहीच आपोआप कळत नाही.

रे ट्रेसिंग म्हणजे किरणांचा माग काढणे. येथे पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून पडद्यावरील प्रत्येक बिंदूतून एक किरण सोडला जातो. तो दृश्यातील कोणत्या वस्तूवर आदळतो हे पाहायचे. मग तेथून दिव्याकडे, आरशाकडे, शेजारच्या भिंतीकडे पुढचे किरण सोडायचे आणि त्यांनी आणलेल्या प्रकाशाची बेरीज करायची. निसर्गात किरण दिव्याकडून डोळ्याकडे येतात. येथे प्रवास उलटा आहे. दिव्यातून निघालेल्या असंख्य किरणांपैकी बहुतेक डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मग त्यांचा हिशेब कशाला ठेवायचा, हा त्यामागचा व्यवहारी विचार.

कल्पना म्हणून यात नवे काही नाही. आयबीएममधील आर्थर अ‍ॅपल यांनी १९६८ मध्ये संगणकीय चित्रातील सावल्यांसाठी किरणांचा वापर सुचवला. बेल लॅब्जमधील टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने प्रतिबिंब आणि अपवर्तन यांना त्यात सामावून घेतले. चौकटींच्या फरशीवर तरंगणाऱ्या काचेच्या गोलांचे त्यांचे चित्र या शास्त्राच्या इतिहासात अजरामर झाले आहे. ते एक चित्र काढण्यास त्या काळच्या ‘व्हॅक्स’ संगणकाला ७४ मिनिटे लागली होती. आज सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा खेळ तेवढ्या वेळात २ लाख ६६ हजारांहून अधिक चित्रे पडद्यावर आणतो. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये प्रकाशाच्या या साऱ्या व्यवहाराचे एकच समीकरण मांडले आणि सिद्धान्ताच्या बाजूने काम बव्हंशी पूर्ण झाले. राहिला होता तो वेळेचा प्रश्न.

चित्रपटांना वेळेची ददात नव्हती. पिक्सारच्या ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’ (२०१३) या चित्रपटाच्या एका फ्रेमला सुमारे २९ तास लागत असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. प्रेक्षक चित्रगृहात येईपर्यंत हिशेब पुरा झालेला असतो. खेळात मात्र खेळाडूने मान वळवताच नवे चित्र तयार हवे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सोळा-सतरा मिलिसेकंद. ‘४के’ पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूमागे अवघा एक किरण धरला तरी सेकंदाला जवळपास ५० कोटी किरण होतात. खरे चित्र उमटायला प्रत्येक बिंदूमागे शेकडो किरण लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी इतकी वर्षे हा मार्ग का टाळला, ते कळते.

मग इतकी वर्षे खेळांत उजेड आला कोठून? याचे उत्तर आहे हातचलाखी. सावलीसाठी दिव्याच्या जागी कॅमेरा ठेवून वेगळे चित्र काढायचे. प्रतिबिंबासाठी खोलीचा आधीच घेतलेला ‘फोटो’ आरशावर चिकटवायचा, किंवा पडद्यावर जे दिसते आहे तेच उलटे करून पाण्यात दाखवायचे. या दुसऱ्या युक्तीत खेळाडूने नजर खाली वळवली आणि डोंगर पडद्याबाहेर गेला, की तळ्यातले त्याचे प्रतिबिंबही नाहीसे होते. सर्वांत मोठी युक्ती म्हणजे ‘बेकिंग’. भिंतींवर, फरशीवर प्रकाश कसा पसरेल याचे गणित स्टुडिओतील यंत्रांवर तासन् तास चालवायचे आणि तयार झालेला उजेड रंगाप्रमाणे भिंतींना कायमचा फासून टाकायचा. आयडी सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’ने १९९६ मध्ये ही पद्धत रूढ केली आणि पुढे सारा उद्योग तिच्यावर उभा राहिला.

ही पद्धत टाकाऊ होती असे मुळीच नव्हे. २००८ च्या ‘मिरर्स एज’मधील पांढऱ्याशुभ्र गच्च्यांवर पसरलेला नारिंगी-निळा उजेड असाच आधी शिजवून ठेवलेला होता आणि तो आजही डोळ्यांना सुखावतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) किंवा ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ (२०२०) हे खेळ प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांत रे ट्रेसिंग नव्हते. तरीही त्यांच्या दृश्यसौंदर्याविषयी दुमत नाही. कुशल कलावंतांच्या हाती हातचलाखीही कला होते. तिची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे श्रम. भिंत एक हात सरकवली तरी उजेडाचे गणित पुन्हा चालवायचे, बदल पाहण्यासाठी थांबायचे, आणि जेथे गणित फसते तेथे खोटे दिवे लपवून बसवायचे. दुसरी किंमत खेळाच्या स्वातंत्र्याची. फासलेला उजेड पुसता येत नाही. भिंत पाडली तर तिच्यावरची सावली कोठे जाणार? म्हणून भिंत पडूच द्यायची नाही, असा सोपा मार्ग असंख्य खेळांनी पत्करला. खेळांतील घरे इतकी वर्षे दगडासारखी अचल राहिली, त्याचे हे एक कारण आहे.

२०१८ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘डायरेक्टएक्स रेट्रेसिंग’ जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाची ‘आरटीएक्स’ कार्डे विक्रीस आली. किरण कोणत्या त्रिकोणावर आदळतो हे शोधण्यासाठी दृश्यातील वस्तू पेटीत पेटी अशा रीतीने मांडून ठेवतात. किरण मोठ्या पेटीला चुकला तर आतल्या हजारो त्रिकोणांकडे पाहावेच लागत नाही. हा शोध घेण्याचे काम या कार्डांत स्वतंत्र विद्युत्-मंडलांकडे सोपवण्यात आले. तरीही प्रत्येक बिंदूमागे एक-दोनच किरण परवडत होते. इतक्या कमी किरणांचे चित्र मुंग्या आलेल्या जुन्या दूरचित्रवाणीसारखे दिसते. म्हणून दोन आधार घेतले गेले. पहिला, शेजारचे बिंदू आणि मागच्या फ्रेम यांच्या मदतीने चित्रातील खरखर पुसून काढणे. दुसरा, चित्र लहान आकारात काढून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने मोठे करणे. ‘डीएलएसएस’ हे त्याचे प्रसिद्ध नाव. म्हणजे ज्याला आपण आज खेळातील रे ट्रेसिंग म्हणतो, ते थोडे खरे किरण आणि बराचसा जाणता अंदाज यांचे मिश्रण आहे. हातचलाखी संपलेली नाही. तिची जागा बदलली आहे.

सुरुवातीच्या काळात या तंत्राची जाहिरात आरशांच्या जोरावर झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘बॅटलफिल्ड ५’मध्ये पहिल्यांदा किरणांची प्रतिबिंबे आली. युद्धभूमीवरील प्रत्येक डबके लखलखू लागले, प्रत्येक मोटारीच्या काचेत आगीचे लोळ दिसू लागले. पण फ्रेमचा वेग निम्म्याच्या आसपास घसरला. ज्या खेळात निमिषार्धात नेम साधायचा असतो, त्यात डबक्यातील प्रतिबिंबासाठी हा सौदा कोण करणार? खेळाडूंनी तो पर्याय बंद केला आणि ‘हे सारे नव्याचे नऊ दिवस’ असा शेरा मारला. त्या वेळी तो अगदीच चुकीचा नव्हता. प्रतिबिंब ही दाखवायला सर्वांत सोपी आणि खेळाला सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या ‘कंट्रोल’मध्ये काचेच्या भिंतींच्या कार्यालयात ती शोभून दिसली, हे मान्य, पण तो अपवाद त्या इमारतीच्या रचनेचा होता.

खरे वळण आले ते उसळत्या उजेडाच्या बाबतीत. ‘४ए गेम्स’च्या ‘मेट्रो एक्सोडस’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये सूर्यप्रकाश भिंतींवरून कसा पसरतो याचे गणित किरणांनी करून दाखवले. पडक्या झोपडीत दार उघडताच उन्हाची तिरीप आत येते आणि कोपऱ्यातला अंधार हळूहळू तपकिरी होतो, हा अनुभव डबक्यातल्या प्रतिबिंबापेक्षा फार वेगळा होता. मे २०२१ मध्ये याच खेळाची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्ड तीत अनिवार्य होते. पुढच्याच महिन्यात ती नव्या पिढीच्या कन्सोलवर सेकंदाला ६० फ्रेमच्या लक्ष्याने उतरली. अतिमहाग यंत्राखेरीज हे शक्य नाही, हा समज तेव्हाच ढासळू लागला.

येथे एक उदाहरण मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. स्वीडनमधील टक्सिडो लॅब्ज या छोट्या स्टुडिओचा ‘टिअरडाऊन’ हा खेळ २०२० मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि २०२२ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यातील घरे, पूल, जहाजे लहान ठोकळ्यांची बनलेली असून खेळाडू ती हवी तशी फोडू शकतो. किंबहुना फोडणे हाच खेळ आहे. अशा जगात आधी शिजवलेला उजेड निरुपयोगी. ‘टिअरडाऊन’ ठोकळ्यांच्या त्या जगातून किरणांचा माग काढतो आणि त्यासाठी त्याला आरटीएक्ससारखी खास यंत्रणाही लागत नाही. छताला भोक पाडले की ऊन आत येते. तेथे रे ट्रेसिंग ही शोभा राहत नाही. ते नसते तर तो खेळ त्या रूपात उभाच राहिला नसता. ‘माइनक्राफ्ट’च्या किरणयुक्त आवृत्तीबद्दलही, जी डिसेंबर २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली, असेच म्हणता येईल. जे जग खेळाडू स्वतः रचतो, त्याचा उजेड स्टुडिओने आधी ठरवणार तरी कसा?

या तंत्राचे मोल जोखण्याची कसोटी येथे सापडते. जग अचल असेल, दिवस-रात्र ठरलेली असेल, तर कुशल कलावंत जुन्या पद्धतीने जवळजवळ तितकाच देखणा उजेड निर्माण करू शकतो आणि खेळाडूच्या पदरी फारसे काही अधिक पडत नाही. जग बदलते असेल, तर मात्र रे ट्रेसिंगला खरा पर्याय नाही. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या खेळांत, आणि बहुतेक खेळ याच पट्ट्यात मोडतात, लाभाचा मोठा वाटा खेळाडूकडे न जाता निर्मात्याकडे जातो. दिवा ठेवला की परिणाम तत्क्षणी दिसतो. बेकिंगची प्रतीक्षा नाही, खोट्या दिव्यांची लपवाछपवी नाही. आयडी सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांनी ‘डूम : द डार्क एजेस’विषयी बोलताना वेळेच्या या बचतीवरच भर दिला होता. ज्या कंपनीने १९९६ मध्ये शिजवलेला उजेड रूढ केला, तिनेच २०२५ मध्ये त्याला निरोप द्यावा, यात एक चक्र पूर्ण झाल्यासारखे वाटते.

ही बचत गैर नाही. मोठ्या खेळांची निर्मिती पाच-पाच, सहा-सहा वर्षे रेंगाळते आणि खर्च कोट्यवधी डॉलरच्या घरात जातो. अशा उद्योगाला श्रम वाचवणारे तंत्र हवेच असते. मेख आहे ती हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला. पूर्वी प्रकाशाचे गणित स्टुडिओतील यंत्रे एकदाच करीत आणि त्याचे वीजबिल स्टुडिओ भरीत असे. आता तेच गणित लाखो खेळाडूंची यंत्रे, प्रत्येक क्षणी, पुनःपुन्हा करतात. खर्च नाहीसा झालेला नाही. तो स्टुडिओच्या खतावणीतून खेळाडूच्या खतावणीत गेला आहे. आणि त्या बदल्यात खेळ स्वस्त झाला म्हणावे, तर तसेही दिसत नाही. २०२० चा ‘डूम इटर्नल’ ६० डॉलरला होता. ‘द डार्क एजेस’ ७० डॉलरला आला. महागाई धरली तरी बचतीतला वाटा ग्राहकाला मिळाल्याची खूण त्यात नाही.

यंत्रांचा खर्चही पाहण्यासारखा आहे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘जीटीएक्स १०८० टीआय’ या अग्रणी कार्डाची जाहीर किंमत ६९९ डॉलर होती आणि ते २५० वॉट वीज घेई. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ची जाहीर किंमत १,९९९ डॉलर आणि विजेची भूक ५७५ वॉट. ही सारी वाढ रे ट्रेसिंगच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; चिप बनवण्याचा वाढता खर्च आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी याच कारखान्यांवर पडलेला ताण यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण ‘नवे कार्ड कशासाठी घ्यायचे?’ या ग्राहकाच्या प्रश्नाला रे ट्रेसिंग हे उद्योगाचे सर्वांत झळझळीत उत्तर राहिले, हे नाकारता येणार नाही.

त्यातच आकड्यांचा गोंधळ वाढला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ‘आरटीएक्स ५०७०’ हे आधीच्या पिढीतील १,५९९ डॉलरच्या ‘आरटीएक्स ४०९०’च्या तोडीचे असल्याचे व्यासपीठावरून सांगितले. त्यामागे ‘डीएलएसएस ४’ होते, जे प्रत्यक्ष गणलेल्या एका फ्रेमच्या जोडीला तीन फ्रेम अंदाजाने रचते. त्याला चित्र मोठे करण्याच्या क्रियेची जोड दिली की पडद्यावरील सोळा बिंदूंपैकी पंधरा अंदाजाचे असतात. हालचाल त्यामुळे निःसंशय गुळगुळीत दिसते. पण खेळाडूने कळ दाबल्यावर यंत्राने प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ अंदाजाच्या फ्रेमनी कमी होत नाही, आणि खेळात हातातली ती पकडच महत्त्वाची असते. दिसणारा वेग आणि जाणवणारा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत. विक्रेत्याने ते वेगळे सांगितले पाहिजेत.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. सक्ती केलेल्या या दोन्ही खेळांना किमान म्हणून जे ‘आरटीएक्स २०६० सुपर’ लागते, ते जुलै २०१९ मध्ये बाजारात आले होते. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मध्यम कार्डावर आणि २०२० च्या कन्सोलवर जर हे खेळ चालत असतील, तर ‘श्रीमंतांचा चोचला’ हा आरोप टिकत नाही. ग्राफिक्सच्या इतिहासात जुनी यंत्रे यापूर्वीही बाद झाली आहेत. ‘अनरिअल इंजिन ५’मधील ‘ल्युमेन’ने मधला मार्गही दाखवला आहे, खास यंत्रणा असेल तर तिचा लाभ घ्यायचा, नसेल तर ढोबळ आकारांवर किरणांचे गणित भागवायचे. सक्ती आणि नकार यांच्या मधली ही वाट अधिक स्टुडिओंनी चोखाळावी, असे वाटते. दोन प्रकारचे उजेड सांभाळण्याचा खर्च दुप्पट होतो, ही स्टुडिओंची तक्रार खरी आहे. पण ल्युमेनसारख्या एकाच यंत्रणेच्या दोन पायऱ्या असतील तर ती तक्रार बरीच सौम्य होते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. भारतातील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर खेळतात आणि ग्राफिक्स कार्ड ही आयात होणारी, १८ टक्के जीएसटी लागणारी वस्तू आहे. त्यामुळे डॉलरमधील ‘मध्यम’ किंमत रुपयांत मध्यम राहत नाही. महागड्या मोबाइलच्या चिपमध्येही आता किरणांची यंत्रणा आली आहे. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये ती दिली. पण हातात मावणाऱ्या पडद्यावर, मर्यादित बॅटरीवर तिचे प्रयोजन काय, याचे उत्तर अजून समाधानकारक नाही. याउलट पुण्या-मुंबईत अ‍ॅनिमेशन आणि गेमनिर्मितीचे शिक्षण घेणाऱ्यांना या बदलाकडे कामाच्या दृष्टीने पाहावे लागेल. युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत बस्तान बसवले. एनव्हिडियाचेही मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. खोटे दिवे लपवण्याच्या कसबाची किंमत यापुढे उतरेल आणि छायाचित्रकाराप्रमाणे दिवा कोठे ठेवावा, कोठे ठेवू नये, हे जाणणाऱ्या नजरेची किंमत वाढेल. किरणांचे गणित यंत्र करील. कोपरा अंधारात का ठेवायचा, हे त्याला माणसानेच सांगावे लागेल.

तेव्हा रे ट्रेसिंगला भुलण्याचे कारण नाही, तसे त्याला नाके मुरडण्याचेही नाही. प्रकाशाचे गणित खरे होणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि दहा वर्षांनी आजच्या युक्त्या आपल्याला जुन्या नाटकातील रंगवलेल्या पडद्यांसारख्या वाटतील, हेही संभवनीय आहे. पण नवे कार्ड विकत घेण्यापूर्वी ग्राहकाने डबक्यातले प्रतिबिंब पाहू नये. त्या जगातली एखादी भिंत पडते का, दिवा विझवता येतो का, विझवल्यावर खोलीत काही वेगळे घडते का, हे पाहावे. उत्तर होकारार्थी असेल तर खर्च सत्कारणी लागला. नसेल, तर स्टुडिओचे काम सोपे करण्याचे बिल आपण भरतो आहोत, एवढे तरी त्याने जाणून भरावे.